पोचल्याची नोंद

यतिन थापाड्या होता, पण वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याच्या नावाने बोटं मोडाल. त्याच्या थापा कुणाला लुबाडायला नसायच्या. समोरच्याला वाईट वाटू नये, विषय वाढू नये, एवढ्यासाठी तो पटकन काहीतरी ठोकून द्यायचा. असली माणसं आपल्यात ढीगभर असतात. परदेशात राहिलं की आणखी वाढतात, कारण तिथून फोनवर काय वाट्टेल ते सांगता येतं.

साताऱ्याहून तो सिडनीला आला दोन हजार सहा साली, अकाउंटिंगचं मास्टर्स करायला. हॅरिस पार्कमधल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये तो आणि शंतनू नावाचा पुण्याचा मुलगा एकत्र राहायचे. शंतनू आयटीत गेला, वर चढला, कॅसल हिलला घर घेऊन बसला. यतिनला मात्र अकाउंटिंगची नोकरी काही केल्या मिळेना. मग 'तात्पुरतं' म्हणून त्याने बसचं लायसन्स काढलं आणि ते तात्पुरतं कायमचं झालं. कॅसल हिल ते पॅरामाटा, पॅरामाटा ते कॅसल हिल. पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाली, नागपूरच्या मयूराशी लग्न झालं, पेंडल हिलला स्टेशनजवळ युनिट, म्हणजे आपला फ्लॅटच, घेतलं. आईला त्याने सांगितलं होतं, "ट्रान्सपोर्टमध्ये आहे." आईच्या डोळ्यांपुढे टेबल, खुर्ची आणि हाताखाली दोन माणसं आली असणार. त्याने ती येऊ दिली.

आई म्हणजे पद्माताई. नवरा लवकर गेला, आणि त्यानंतर अठ्ठावीस वर्षं त्यांनी सातारा एसटी स्टँडवर कंट्रोलरच्या केबिनमध्ये काढली. कुठली गाडी कधी सुटली, कुठली कधी पोचली, ते वहीत लिहायचं. गाडी सुटली याचं त्यांना काही विशेष नसायचं. "सुटायला काय, कुणीही सुटतं," म्हणायच्या. पोचल्याची नोंद झाली की मगच त्यांचा जीव खाली पडायचा. घाटात एखादी गाडी अडकली तर ड्यूटी संपूनही बाई केबिनमध्ये बसून राहायची, डबा तसाच.

निवृत्त झाल्यावरही ती खोड गेली नाही. स्वयंपाकघरात भिंतीवरच्या कॅलेंडरावर, तारखेच्या चौकोनात, बारीक अक्षरात त्या लिहायच्या. 'यतिन सिडनीस सुटला २२.१०.' आणि दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात, 'पोचला.' पुढे वेळ. तो फोन आला नाही तोवर त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. यतिनला हे पाठ होतं. विमानाचं चाक जमिनीला टेकलं की त्याचा अंगठा फोनवर. "पोचलो गं." एवढे दोनच शब्द. "बरं," म्हणायची आई, आणि मागे ताट घेतल्याचा आवाज यायचा.

नातीच्या, नुपूरच्या जन्माच्या वेळी, म्हणजे पंधरा साली, पद्माताई तीन महिने सिडनीला येऊन राहिल्या. पहिल्याच सकाळी लेक निळा शर्ट घालून खोलीबाहेर आला, आणि थाप उघडी पडली. त्याचा चेहरा पडला. आई वरपासून खालपर्यंत बघत राहिली.

"ड्रायव्हर आहेस?"

"हो."

"मग ट्रान्सपोर्ट-ट्रान्सपोर्ट काय लावलंयस कधीपासून? सरळ सांगायचं की! अरे, एकाच खात्यातले निघालो आपण." आणि पुढे होऊन तिने त्याची कॉलर नीट केली. यतिन बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडला. मयूराला ते ऐकू आलं होतं, पण तिने कधी विषय काढला नाही.

मग काय, पद्माताई रोज त्याच्या बसमध्ये, दारासमोरच्या पहिल्या सीटवर. उतरताना प्रत्येक माणूस ड्रायव्हरला थँक यू म्हणतो याचं त्यांना कोण कौतुक! "आमच्याकडे उतरताना शिव्या घालतात," असं त्या शेजारच्या गोऱ्या म्हातारीला मराठीतच सांगायच्या. शेवटच्या स्टॉपला मनगटावरचं घड्याळ बघून निकाल द्यायच्या. "चार मिनिटं लेट." यतिनने सांगितलं होतं पुढे एकदा शंतनूला, की त्या तीन महिन्यांसारखे दिवस आयुष्यात आले नाहीत.

आता खरी गोष्ट.

हॅरिस पार्कच्या फ्लॅटमध्ये, भातावर लोणचं खाऊन दिवस काढत असताना, यतिन आणि शंतनू दोघांनी एक नवस बोलला होता. देवाला नाही, आपला एकमेकांनाच. सगळं मार्गी लागलं की लास व्हेगसला जायचं. वाळवंटातलं जुगाराचं शहर, रात्रंदिवस दिवे. का जायचं ते विचारू नका, विशीतल्या पोरांच्या डोक्यात काय असतं ते त्यांनाच ठाऊक. सगळं मार्गी लागायला तेरा वर्षं लागली. शंतनूने एकोणीसच्या दिवाळीत विषय काढला, आणि मयूराने तो उचलून धरला.

"अकरा वर्षं झाली लग्नाला. सुट्टी म्हणजे सातारा नाहीतर नागपूर. एकदा, फक्त एकदा, अशा ठिकाणी जाऊ या जिथे कुणी आपल्याला 'बारीक झालात' म्हणणार नाही."

यात तिचं काय चुकलं, सांगा? काहीच नाही. घोडं अडलं ते तारखांवर. डेपोने रजा दिली मार्चचे पहिले दोन आठवडे, आणि आठ मार्चला पद्माताईंची सत्तरी होती. त्यांनी कधी नव्हे ते तोंडाने मागितलं होतं, "फार काही नको. घरातल्या घरात सत्यनारायण घालू. तू पूजेला बस, बास."

"खरं सांग त्यांना," मयूरा म्हणाली. "त्या समजून घेतील."

पण खरं सांगायचं म्हणजे आईच्या आवाजातली ती एक क्षणाची शांतता ऐकायची. तेवढी यतिनला झेपली नसती. रविवारच्या फोनवर तो म्हणाला, "आई, रजा नाही मंजूर झाली. ड्रायव्हर कमी आहेत."

पलीकडे शांतता झाली नाही. उलट आई लगेच म्हणाली, "नाही म्हणजे नाही. ड्यूटी आधी. मी काय कमी जणांच्या रजा अडलेल्या पाहिल्यात? डिसेंबरात ये." एसटीतली बाई. रजेचं कारण तिला इतकं पटलं, की यतिनला स्वतःची शिसारी आली. आली आणि गेली. तिकिटं काढून झाली होती.

बॅग भरताना मयूराला त्यात त्याचा युनिफॉर्मचा शर्ट सापडला, इस्त्री केलेला. "हा कशाला?"

"रविवारी आईचा व्हिडिओ कॉल असतो."

मयूरा त्याच्याकडे बघतच राहिली. "मला या नाटकात घेऊ नकोस," एवढं बोलून तिने शर्ट परत बॅगेत टाकला.

लॉस एंजेलिसला उतरले आणि तिथून भाड्याची व्हॅन घेऊन निघाले. चालवायला अर्थात यतिन. सुट्टीतसुद्धा स्टिअरिंग काही सुटलं नाही बिचाऱ्याचं, वर रस्त्याची बाजू उलटी. मागे शंतनू, त्याची बायको सुखदा, मयूरा, नुपूर, सगळे गाण्यांच्या भेंड्या खेळत होते. तासन्‌तास नुसतं वाळवंट, मधूनमधून हात वर केलेली काटेरी झाडं, आणि मग कुणीतरी खेळण्यांची पेटी पालथी केल्यासारखं ते शहर. इकडे पिरॅमिड, तिकडे आयफेल टॉवर, सगळंच खोटं आणि सगळंच चकचकीत. हॉटेलच्या दारात व्हॅन थांबली, आणि यतिनचा अंगठा आपोआप फोनवर गेला. आईचं नाव दिसलं. मग त्याने फोन खिशात टाकला. ज्याने घर सोडलंच नाही तो पोचला म्हणून कसं सांगणार?

मजा आली का? आली. खोटं कशाला बोलायचं, मजा आली. मयूरा कारंजी बघून लहान मुलीसारखी टाळ्या पिटत होती. कसिनोत कुठेही घड्याळ नव्हतं, यतिन सारखा भिंतींवर शोधत होता, सवयीने. एका मशीनसमोर एक म्हातारी बसली होती. नाकात नळी, पायाशी चाकांवरचा छोटा ऑक्सिजनचा सिलिंडर, आणि बोट सारखं बटणावर. यतिन थांबून बघत राहिला. पोरगी म्हणाली, "बाबा, डोन्ट स्टेअर." म्हणून तो पुढे गेला.

त्या शहरात एका मॉलला आतून आभाळ रंगवलंय. निळं, ढगांचं. बाहेर अंधार पडला तरी आत कायम दुपार. साताऱ्यात रविवारी सकाळचे नऊ म्हणजे सिडनीत दुपारचे अडीच, आणि व्हेगसला शनिवारची संध्याकाळ. यतिनने गणित आधीच करून ठेवलं होतं. निळा शर्ट चढवला, त्या रंगवलेल्या आभाळाखाली एक कोपरा पकडला आणि फोन लावला.

आई नवी साडी नेसून बसली होती. त्याने वाकून फोनलाच नमस्कार केला.

"सुखी राहा," आई म्हणाली. "ड्यूटीवर आहेस होय? इस्त्री छान झालीय शर्टाला."

"ब्रेक आहे. बाहेर उभा आहे जरा."

"हो, दिसतंय की. आभाळ किती स्वच्छ आहे." मग ती थोडं थांबली. "संध्याकाळी पूजा आहे. शेजारच्या लीनाचा मुलगा आणि सून बसतायत. तू काळजी करू नकोस."

तेवढ्यात नुपूर पळत आली, "आजी! गेस व्हेअर वी…" आणि यतिनने फोन झटकन दुसरीकडे वळवला. आई हसली. फोन ठेवताना म्हणाली, "नीट जा परत. आणि पोचलास की फोन कर."

"आई, डेपोतून घरी तर जायचंय."

"तरी कर."

म्हातारपण, यतिनला वाटलं. लोक तरी किती सहज म्हणतात हे, नाही?

परतायच्या दिवसापर्यंत सगळं पार उलटंपालटं झालं. शो रद्द, रस्त्यावर माणसं कमी, सॅनिटायझर मिळेना. दुसऱ्या रविवारी ही मंडळी विमानतळाच्या रांगेत होती. यतिनने नुसता मेसेज टाकला, 'डबल शिफ्ट आहे आई.' सिडनीला उतरले त्याच दिवसापासून बाहेरून येणाऱ्याने चौदा दिवस घरात बसायचा नियम लागला. घरात दूध नाही, डेपोतून फोनवर फोन, मयूराला ताप, तो साधाच निघाला पण तेव्हा तोंडचं पाणी पळालं होतं. पोचल्याचा फोन करायचा राहिला. राहिला कसला, करायचा नव्हताच. कागदोपत्री तो कुठे गेलाच नव्हता.

त्याच्या पुढच्या रविवारी आईने विचारलं, "काय विशेष?"

"काही नाही गं."

"आणखी काही?"

"नाही."

तेव्हापासून दर रविवारी फोन ठेवण्याआधी आई विचारायची, "आणखी काही?" आणि दर रविवारी यतिन फोन या कानावरून त्या कानावर घ्यायचा. सांगू का? मग वाटायचं, फोनवर नको. हे तोंडावर सांगायचं, डिसेंबरात, तिच्या स्वयंपाकघरात बसून. ती दोन शिव्या घालेल, मग चहा टाकेल. त्याने मनातल्या मनात ते इतक्यांदा घोटलं, की आईच्या शिव्यासुद्धा ठरल्या होत्या.

पण डिसेंबर आला तेव्हा देशाबाहेर जायलाच सरकारची परवानगी लागत होती. पेंडल हिलच्या दुकानात पिठाची पोती होती, लोणच्याच्या बरण्या होत्या, आणि रांगेत सहा फुटांवर उभ्या प्रत्येकाचं म्हातारं माणूस समुद्रापलीकडे होतं. यतिन रिकामी बस चालवत होता. कॅसल हिल ते पॅरामाटा, कधी दोन माणसं, कधी एकही नाही. दारासमोरच्या पहिल्या सीटला पट्टी बांधली होती. इथे बसू नये. तो दर स्टॉपला आरशात बघायचा तेव्हा ती सीट दिसायची.

एकवीसच्या एप्रिलमध्ये पद्माताईंना ताप आला. लीनाकाकूंनी, म्हणजे त्याच मजल्यावरच्या शेजारणीने, धावपळ केली. ऑक्सिजनचा बेड मिळायला सतरा तास लागले. सतरा तास सत्तरी ओलांडलेली बाई रिक्षात आणि व्हरांड्यात बसून होती, आणि यतिनला कसिनोतली ती म्हातारी आठवत होती. तिला जुगार खेळायला ऑक्सिजन होता. तो मयूरासमोर भिंतीवर हात आपटून ओरडला, "खेळायला होता गं तिला! खेळायला!"

परवानगीचा अर्ज केला. डॉक्टरांची चिठ्ठी मराठीत होती म्हणून अर्जच परत आला. पुन्हा केला. मंजूर झाला त्याच आठवड्यात भारतातली विमानं बंद झाली, आणि भारतातून परत येणाऱ्याला तुरुंगात टाकू असं सरकारने जाहीर केलं. आपल्याच माणसांना, बरं का. पीआरवाले, पासपोर्टवाले, सगळ्यांना. कुठूनतरी वळसा घालून जाता आलं असतं, पण परत कधी येणार ते कुणी सांगेना. नुपूर दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, विल दे पुट यू इन जेल?" त्या रात्रीपर्यंत यतिनने बॅग भरली आणि परत रिकामी केली. पंधरा मेनंतर विमानं सुरू होतील म्हणाले होते. म्हटलं, तेवढं थांबू. तेवढं काढेल आई.

रविवारी कुणा नर्सने आईचा फोन धरला. आईच्या तोंडावर मास्क, केस विस्कटलेले. यतिनला धीर निघेना. तो घाईघाईने म्हणाला, "आई, एक सांगायचं राहिलंय. मागच्या मार्चमध्ये मी…"

आईने हात वर केला. मास्कमधून तिला बोलायला वेळ लागला. "आल्यावर सांग."

"आई, ऐक ना…"

"ये तू. आल्यावर सांग."

बुधवारी पहाटे त्या गेल्या. नगरपालिकेच्या माणसांनी नेलं, गुंडाळून. यतिनला दाखवायलाही काही नव्हतं कुणाकडे. त्याने पेंडल हिलच्या बाल्कनीत उभं राहून दक्षिणेला तोंड करून पाणी सोडलं, गुरुजी मोबाइलवर होते, आणि मध्येच त्यांचं नेटवर्क गेलं.

पंधराएक दिवसांनी लीनाकाकूंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी घर उघडलं होतं. डबे, साड्या, देव, कशाचं काय करायचं ते विचारत त्या खोल्याखोल्यांतून फिरत होत्या. स्वयंपाकघरात आल्यावर म्हणाल्या, "आणि हे कॅलेंडर. नव्या वर्षाच्या मागे जुनं तसंच टांगून ठेवलं होतं बघ तिने. मी म्हटलं होतं, काढ की. तर म्हणाली, एक नोंद राहिलीय अजून."

"जुनं म्हणजे?"

"वीस सालचं. मार्चचं पान आहे वर." त्यांनी फोन जवळ नेला. सात मार्चच्या चौकोनात बारीक, सुबक अक्षर. 'यतिन, मयूरा, नुपूर अमेरिकेस सुटले. वेळ माहीत नाही.' आणि महिन्याच्या तळाशी, मोकळ्या जागेत, नुसतं 'पोचले'. त्यापुढे एक रेघ. रेघेवर काही नाही.

यतिनला खाली बसायला जागा दिसेना, तो जमिनीवरच बसला.

"तिला माहीत होतं?"

"म्हणजे काय? मीच तर दाखवलं होतं. ती तुझ्या मित्राची बायको, सुखदा ना, तिने फेसबुकवर टाकले होते तुमचे फोटो, आयफेल टॉवरपाशी. मी सत्तरीच्या आदल्या सकाळीच घेऊन गेले, म्हटलं, यतिन अमेरिकेत आहे का हो? तर म्हणाली, हो, मीच म्हटलं त्याला, जा म्हणून. माझी सत्तरी काय, दरवर्षी असते काहीतरी." काकू थांबल्या. त्यांच्या लक्षात आलं असावं काहीतरी. "का रे? तिने पाठवलं नव्हतं तुला?"

म्हणजे निळा शर्ट, ती इस्त्री, ते स्वच्छ आभाळ, सगळं तिने बघितलं होतं आणि त्याची लाज राखली होती. आणि वर्षभर, दर रविवारी, ताट बाजूला ठेवून केबिनमध्ये बसावं तशी ती बसून राहिली होती, की हा आपल्या तोंडाने दोन शब्द म्हणेल. पोचलो गं. बास एवढंच हवं होतं तिला. शिव्याही घालणार नव्हती.

मयूरा मागे येऊन उभी होती. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्याने काढला नाही, पण धरलाही नाही.

काकूंनी पेन हातात घेतलं होतं. आईचंच, कॅलेंडरला दोऱ्याने बांधलेलं. "मी लिहून टाकू का रे? तिच्या जिवाला बरं वाटेल. कुठली तारीख होती तुमची पोचल्याची?"

यतिनला तारीख पाठ होती, विमान टेकलं ती वेळसुद्धा पाठ होती. त्याने तोंड उघडलं.

"नको काकू," तो म्हणाला. "तिने 'ये' म्हटलं होतं. कुठे पोचलोय मी?"

काकूंनी पेन सोडलं. ते दोऱ्याला लोंबकळत थोडा वेळ भिंतीवर आपटत राहिलं.